नूरचा डबा आणि आमचा

पिंप्राळा, जळगाव
२२ ऑगस्ट २०२४

आदरणीय दिपमालाबाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता तुमच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मिळाला. मी शाझिया. नशिराबादला १९९७ साली तुम्ही आमच्या पाचवीच्या वर्गशिक्षिका होतात, तेव्हाची. गाद्या भरणाऱ्या इसाकभाईंची मुलगी, खिडकीजवळ बसायची ती. आता मीही पाचवीलाच शिकवते, इथल्या एका मराठी शाळेत. अक्षराला वळण तुम्हीच लावलंत, त्यामुळे ओळख पटायला हरकत नाही.

आमच्या वाचनपेटीत यंदा तुमचं पुस्तक आलं. त्यातली ‘नूरचा डबा’ मी वर्गात मोठ्यानं वाचली. शाळेत महिनाभर भुलाबाईची मूर्ती बसलेली, गाणी झाली की रोज एका मुलीनं खाऊचा डबा आणायचा, तो हलवायचा, आवाजावरून बाकीच्यांनी ओळखायचं आणि मगच झाकण उघडायचं, हे सगळं मुलींना ओळखीचं होतं, म्हणून सुरुवातीला खुसूखुसू चालली होती. मग नूरची पाळी येते. ‘त्यांच्या घरचं आम्ही खात नाही,’ असं एक मुलगी म्हणते. बाई उठतात, डबा उघडतात आणि पहिला घास स्वतः खातात. तिथे माझा वर्ग असा गप्प झाला की रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू यायला लागले. पाटलांच्या घरची एक मुलगी तर डोळे पुसत होती. नूरच्या जागी ती मनानं स्वतः जाऊन बसली होती. गोष्ट हे करू शकते, याचं मला शिक्षक असूनही नवल वाटलं.

वर्गात कशिश नावाची एक मुलगी आहे. तिनं पुस्तक घरी मागून नेलं आणि दोन दिवसांत गोष्ट पाठ करून आली. मुलींनी तुम्हाला काही विचारायला सांगितलंय. नूर गोष्टभर एक शब्दही का बोलत नाही? डब्यात नेमकं काय होतं, कारण गोष्टीत नुसतं ‘खाऊ’ आहे? आणि कशिशचा प्रश्न असा की, ही गोष्ट खरी आहे का?

यंदा वर्गात भुलाबाई बसवावी असं माझ्या मनात आहे. तुम्ही काय म्हणता?

तुमची विद्यार्थिनी,
शाझिया

◆

देवपूर, धुळे
३१ ऑगस्ट २०२४

चि. शाझिया,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिलंस ते फार बरं केलंस. मला कानांनी दगा दिलाय. फोनवर मी नुसती ‘काय? काय?’ करते आणि समोरचा माणूस वैतागून ठेवून देतो. तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला तो दारातच उभा राहिला. म्हणे, “आजकाल कोन पत्र लिखस वं बाई?” मी म्हटलं, माझ्या मुली लिहितात. तीस वर्षं शिकवलं, तर एवढा तोरा मिरवायचा हक्क आहे मला.

अक्षर ओळखलं. ‘श’ची शेंडी अजून तशीच वाकडी काढतेस! खिडकीजवळची शाझिया माझ्या नीट लक्षात आहे. तुझे अब्बा कापूस पिंजायला बसले की त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, तेही आठवतं. तुझी अम्मी, हसीनाबी, कशा आहेत?

तुझ्या मुली भारी चौकस दिसतात. नूर बोलत नाही, कारण तिला बोलायची गरजच पडत नाही, तिच्यासाठी बाई उभ्या राहतात. असं सांगून बघ. डब्यात काय होतं ते मला आता आठवत नाही, आणि गोष्टीत सगळं सांगायचंही नसतं. तिसऱ्या प्रश्नाचं म्हणशील, तर सांग त्या पोरीला, गोष्ट खरी आहे. मुलांना खरं असल्याचा आधार लागतो.

भुलाबाई जरूर बसव. पाळ्या हजेरीपटाप्रमाणे लाव, म्हणजे भांडणं होत नाहीत. कशी झाली ते सविस्तर कळव.

तुझी,
दिपमालाबाई

◆

देवपूर, धुळे
२६ सप्टेंबर २०२४

चि. शाझिया,
आशीर्वाद.

भुलाबाई बसून आठवडा उलटला आणि तुझी एक ओळ नाही. म्हाताऱ्या बाईला हुरूप आणायचा आणि मग वाऱ्यावर सोडायचं, ही कुठली रीत? कशिशची पाळी झाली का? माझ्या उत्तरात तुला काही खटकलं तर नाही ना?

खटकलं असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही.

दिपमालाबाई

◆

पिंप्राळा, जळगाव
१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

खटकलं. पण आधी शुक्रवारचं सांगते.

हजेरीपटावर कशिशचा नंबर नववा. सत्तावीस तारखेला ती डबा घेऊन पुढे आली. गाणी झाली, डबा हलवला, आवाज जड आला. मुली ओरडल्या, लाडू! चिक्की! एवढ्यात तीच मुलगी, जी गोष्ट ऐकताना रडली होती, शेजारणीला म्हणाली, “मम्मीनं सांगितलंय, ओळखायचं, पण खायचं नाही.” हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग आणखी दोघी म्हणाल्या, आमच्याही मम्मीनं.

कशिश घाबरली नाही, बाई. ती माझ्याकडे बघून हसली. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं.

मी उठले नाही. कारण विचाराल तर मनात किती आली! मी खाल्लं तर त्यात काय, मुली म्हणतील, मॅडम खाणारच, त्या त्यांच्यातल्याच. मुसलमान मॅडमला भुलाबाई बसवायचं काय पडलंय, असं दोन पालक आधीच मुख्याध्यापकांना विचारून गेले होते. दारात शेजारच्या वर्गाच्या मेघा मॅडम उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, की तुम्ही खा, तुमच्या खाण्याला किंमत आहे. त्यांनी मोबाइल बघायला घेतला. आणि माझ्या तोंडून निघालं, “आज उशीर झाला मुलींनो, खाऊ उद्या.”

कशिश म्हणाली, “पण मॅडम, गोष्टीतल्या बाईंनी तर खाल्लं होतं.”

शनिवारपासून ती शाळेत आलेली नाही.

बाई, ते वाक्य माझं नव्हतं. तुमचं होतं. “आज उशीर झाला, खाऊ उद्या,” असं म्हणून पाचवीत माझा डबा तुम्ही कपाटात ठेवलात. मी पहिल्या पत्रात मुलींच्या नावानं विचारलं, कारण बघायचं होतं तुम्ही काय म्हणता. तुम्ही म्हणालात, खरी आहे. नूर का बोलत नाही, तर तिला गरज पडत नाही. गरज होती, बाई. मला ओरडून सांगायचं होतं की हे आमच्या घरचं नाहीच! डब्यात पेढे होते. लोक काय म्हणतील ते अम्मीला आधीच माहीत होतं, म्हणून तिनं घरी काही केलंच नाही. ती एसटीनं जळगावला गेली, नशिराबादची मोठी घरं जिथून मिठाई आणतात त्याच दुकानातून पेढे घेतले आणि दुकानाचा कागदही डब्यात ठेवला. झाकण उघडलं असतं तर कागद सगळ्यांना दिसला असता. तुम्ही झाकणच उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रिकामा डबा माझ्या हातात दिलात. मी घरी जाऊन अम्मीला सांगितलं, सगळ्यांनी खाल्ले, बाईंनी तर सगळ्यात आधी खाल्ला. ती इतकी खूश झाली की मी ते अब्बांनाही परत सांगितलं. हे मी दहा वर्षांची असताना रचलेलं खोटं आहे, बाई. ते तुमच्या पुस्तकात कसं आलं?

सत्तावीस वर्षं मी तुमच्यावर रागावलेली होते. शुक्रवारपासून तो रागही धड करता येत नाही.

शाझिया

◆

देवपूर, धुळे
७ ऑक्टोबर २०२४

शाझिया,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

तू लिहिलंस त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, पोर दहा वर्षांची होती, विसरली असेल. वाटलं नाही, तसं हवं होतं मला.

पाळ्या हजेरीपटाप्रमाणे लावल्या होत्या, म्हणून तुझी आली. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, नंतरही मुद्दाम काही केलं नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. बदलीची भीती नव्हती, मुख्याध्यापक भले होते. नुसती एक मुलगी ‘त्यांच्या घरचं आम्ही खात नाही’ म्हणत रडवेली झाली आणि मला वाटलं, उगाच घोळ नको, उद्या बघू. एवढंच. काही मोठं कारण असतं तर मी आजवर त्याच्या आड लपले असते. कारण नाही, म्हणून गोष्ट लिहावी लागली.

संध्याकाळी कपाट उघडलं तर डबा समोर. माझ्याच्यानं झाकण उघडवेना. भटू शिपायाला दिला आणि म्हटलं, याचं काय ते कर आणि डबा धुऊन आण. त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आठ दिवसांनी मी गावच्या बाजारात भाजी घेत होते. हसीनाबी गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “बाई, तुमी पयले खाल्लं म्हने. पोरीनं सांगितलं. लई बरं वाटलं.” त्यांचा हात अजून माझ्या हातावर आहे असं वाटतं कधी कधी. मी काय म्हणावं? मी म्हटलं, “त्यात काय एवढं!”

त्या क्षणी खरं बोलायचं होतं आणि मी मोठेपणा घेतला. घरी आल्यावर मला कळलं की तू आईसाठी खोटं बोललीस. तुला बोलावून दोन शब्द बोलायला हवं होतं. तेही केलं नाही, उलट वर्गात तुझ्याकडे बघायचं टाळलं. तुला वाटलं असेल, बाईंना मी आवडत नाही.

निवृत्त झाल्यावर लिहायला बसले तेव्हा ही गोष्ट एका बैठकीत उतरली. तुझी गोष्ट, तू आईला सांगितलेली. मी तिच्यात फक्त माझी जागा शोधली. तुला तोंड दिलं असतं तर तू खरं बोलली असतीस, म्हणून नूरला गप्प बसवलं. मग शाळाशाळांतून पत्रं यायला लागली. मुलं लिहायची, आम्हीही आता तुमच्या बाईंसारखं वागणार. प्रत्येक पत्रागणिक माझी लाज कमी होत गेली आणि शेवटी मला खरंच आठवायला लागलं की मी खाल्लं होतं. पेढा होता हे मात्र आठवेना. कसं आठवणार!

गोष्ट वाईट नाही, शाझिया. एवढं मला म्हणू दे. तुझ्या वर्गातली ती मुलगी रडली, ते खोटं नव्हतं. पण गोष्ट ऐकून डोळे पुसणं आणि घरच्यांचं न ऐकता हात पुढे करणं, यांत केवढं अंतर आहे ते मी लिहिलंच नाही. मला ते चांगलं माहीत होतं तरी लिहिलं नाही. म्हणून कशिश हसत उभी राहिली, आणि ती पोरगी माझ्यामुळे तोंडघशी पडली.

मी नवा शेवट लिहून प्रकाशकाला पाठवते. मला हसीनाबींची माफी मागायची आहे, तू हो म्हणालीस तर. पण त्याआधी एक ऐक. मला सत्तावीस वर्षं झाली, तुला दहा दिवसच झालेत. ऊठ आणि त्या मुलीच्या घरी जा. माझ्यासारखी थांबू नकोस.

दिपमाला

◆

पिंप्राळा, जळगाव
२० ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर गेले. कशिशचे वडील शेहजादभाई वेल्डिंगचं काम करतात. काम टाकून घरी आले, खुर्ची पुसून दिली, चहा केला. मला ‘मॅडम, मॅडम’ करत होते आणि त्यानंच मला जास्त लाजल्यासारखं होत होतं. मी म्हटलं, चूक माझी झाली, मी वर्गासमोर कबूल करीन. ते म्हणाले, “मॅडम, तुमची काय चूक? तुम्ही तरी एकट्या काय करणार? आम्हाला वाटलं होतं, मराठीत शिकली तर पुढे सोपं जाईल.” दाखला त्यांनी आदल्याच दिवशी नेला होता. दिवाळीनंतर ती दुसऱ्या शाळेत जाणार. ज्या दिवशी मी तुमच्या नावानं खडे फोडत पत्र लिहीत बसले, त्या दिवशी गेले असते तर!

कशिश पडद्याआड होती. मी हाक मारली, आली नाही. मी तिच्या आईला म्हटलं, त्या दिवशीच्या खाऊतलं काही उरलं असेल तर मला द्या. ती म्हणाली, लाडू होते, संपले. निघताना कशिशनं धाकट्या भावाच्या हातून तुमचं पुस्तक परत पाठवलं. चांगलं कव्हर घालून ठेवलं होतं तिनं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात खरी गोष्ट सांगितली. नूर म्हणजे मीच, हेही सांगितलं. एका मुलीनं विचारलं, “मग यात चांगलं कोण आहे, मॅडम?” जी मुलगी मम्मीचं नाव घेऊन बोलली होती, ती मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन नुसती उभी राहिली. मेघा मॅडम नंतर म्हणाल्या, “मला वाटलं, तू खाशील.”

रविवारी नशिराबादला गेले. तुम्ही माफी मागायचं लिहिलंत, म्हणजे आधी अम्मीला खरं सांगणं आलं, आणि ते माझंच काम होतं. ती गवार मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तुमचं, माझं, कशिशचं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली,

“मले माहीत व्हतं.”

मी म्हटलं, कसं?

“भटू त्याच सांजले पेढे घेऊन आला. फेकाले जीव नही झाला त्याचा. कागदासकट आनून दिले. तू मले सांगत व्हती बठ्ठ्यांनी खाल्ले, अन् पेढे फळीवर व्हते. काय बोलू तुले? तू इतकं रंगवून सांगत व्हती.”

“मग बाजारात बाईंचे आभार कशाला मानलेस?”

अम्मीनं मोडलेली गवार बाजूला सारली. मग म्हणाली, “म्हटलं, न केलेल्याचे आभार मानले, तर बाईले पुढच्या साली तरी करावं लागीन. भांडून काय भेटलं असतं? पुढच्या साली म्या तुले डबा भरून दिला व्हता. तू नेला नही, पोट दुखते म्हने. मंग ते राहूनच गेलं. बाईनं खाल्लं असतं का नही, मले कधी समजलंच नही.”

खरंच नेला नव्हता. सहावीतही भुलाबाई तुम्हीच बसवायच्या, पण माझ्या पाळीच्या दिवशी मी घरीच राहिले. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत गोष्ट रचली ती मी आणि तुम्ही. अम्मीला त्यात कुणी धरलंच नव्हतं, आणि खरी आशा तिनंच लावून ठेवली होती.

ती तुम्हाला विचारायला सांगते. रागानं नाही, तिला फक्त जाणून घ्यायचंय. दुसऱ्या वर्षी मी डबा आणला असता, तर तुम्ही खाल्लं असतं का?

शाझिया

◆

देवपूर, धुळे
२५ ऑक्टोबर २०२४

चि. शाझिया,

दोन दिवस या एका प्रश्नावर घालवले. ‘हो’ लिहिणं सोपं होतं. हसीनाबींना बरं वाटलं असतं, तुला थोडं हलकं वाटलं असतं, आणि माझंही म्हातारपण सुखात गेलं असतं. दोनदा लिहिलंही आणि फाडलं.

दुसऱ्या वर्षी तुझ्या पाळीच्या दिवशी मी भुलाबाईपुढे हजेरी घेत होते. तुझं नाव पुकारलं, ‘गैरहजर’ असं कुणीतरी म्हणालं, आणि मला सुटल्यासारखं झालं. ते मला लख्ख आठवतंय. त्याच्यावर गोष्ट लिहायचं मला कधी सुचलं नाही.

नसतं खाल्लं, शाझिया.

हे तू आईला सांगू नकोस. या पत्राच्या मागोमाग मी पहिल्या एसटीनं निघते. बाजारात त्यांनी माझा हात धरला होता, आता मी त्यांच्या दारात जाऊन माझ्या तोंडानं सांगते. त्यांनी घरात घेतलं तर बसेन, नाही घेतलं तर स्टँडवर परत येईन. तू रजा टाकून सोबत येऊ नकोस. वर्गात थांब.

दिपमाला